भोंग्याविरुद्ध एकटा

७ एप्रिल, सोमवार. धुळे, देवपूर.

आजपासून जाहिरातबाजीविरुद्ध युद्ध. कारण तात्त्विक आहे. हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतो, कारण आमच्या घरात कोकिळाचं म्हणणं वेगळं आहे. बायकोच्या मते त्रिशूल ॲड्सवाल्यांनी मला सेलच्या अनाउन्समेंटमधून काढलं, माझ्या जागी कॉम्प्युटरची बाई बोलायला लागली, म्हणून माझं डोकं फिरलंय. साफ चूक. बावीस वर्षं या शहरात रिक्षाच्या भोंग्यातून जो आवाज आला तो माझा, सुकदेव नानाचा. साड्या, गाद्या, कुकर, सर्कस, मोतीबिंदूचं शिबिर. मी सगळं विकलं. आतून माहीत असलेला माणूसच या धंद्याचा खोटेपणा उघडा पाडू शकतो. काढलं नसतं तरी मी सोडणारच होतो. साधारण दिवाळीपर्यंत.

सकाळी पाच कंदील चौकात चहा घेत होतो. समोरून नूरभाईची रिक्षा गेली. नूर महंमद, माझा पंधरा वर्षांचा जोडीदार. रिक्षा तीच, भोंगा तोच, आवाज त्या बाईचा. ती ‘टॉवेल’ असं म्हणते की बाईने जन्मात टॉवेल पाहिलेला नाही. मला बघून नूरभाईने मान खाली घातली. त्याचा दोष नाही. त्याला भोंगा घेऊन फिरायचा राउंड त्रिशूलकडून मिळतो, आणि त्याचं घर राउंडवर चालतं.

गेले तीन महिने माझ्याकडे फक्त पाण्याची सूचना राहिली. आमच्या कॉलनीत पाणी सातव्या-आठव्या दिवशी, वार-वेळ ठरलेली नाही. व्हॉल्व्हमन छगन मला फोन करतो, मी मोबाईलवर बोलून नूरभाईला पाठवतो, तो गल्लोगल्ली वाजवतो. तासाभरात नळ सुरू. ही समाजसेवा झाली. हिचा जाहिरातीशी संबंध नाही.

८ एप्रिल

मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. परदेशात लोक जाहिरातीच्या बोर्डांवर रातोरात चिठ्ठ्या चिकटवतात, चार शब्दांत जाहिरातीची हवा काढतात. खर्च जवळजवळ नाही. इम्पॅक्ट जबरदस्त. फक्त डोकं लागतं. म्हणजे माझ्यासारख्यालाच जमण्यासारखं.

स्केचपेनने चाळीस चिठ्ठ्या लिहिल्या. मजकूर: ‘खरंच पाहिजे का?’ कोकिळाच्या डब्यातलं वाटीभर गव्हाचं पीठ घेऊन खळ शिजवली. ती म्हणाली, हे पीठ पोळ्यांचं होतं. क्रांतीला पीठ लागतंच.

९ एप्रिल

सकाळी सहाला आग्रा रोडवर सगळ्या सेलच्या फ्लेक्सांवर चिठ्ठ्या लावल्या. नऊला निरीक्षणाला गेलो. चाळीसपैकी अडतीस गाईंनी खाल्ल्या. खळ फार चांगली जमली होती. उरलेल्या दोनपैकी एक उन्हाने गळून पडली. दुसरीखाली कोणीतरी पेनने उत्तर लिहिलंय: ‘हो. एक्सएल.’

तरी संवाद सुरू झाला, हे महत्त्वाचं.

११ एप्रिल

कागद हे माध्यमच चूक. आज स्वतः माध्यम झालो. गळ्यात पुठ्ठा अडकवून मोठ्या कपड्याच्या दुकानासमोर उभा राहिलो. पुठ्ठ्यावर: ‘मी काहीही घेणार नाही. मी फक्त उभा आहे.’ दुकानदार भांडेल, पोलीस येतील, अशी तयारी होती. भाषण पाठ होतं. तर दुकानदार भला माणूस निघाला. आधी खुर्ची पाठवली, मग माठातलं पाणी, मग टोपी. ऊन बेचाळीस डिग्री. टोपी घातली.

संध्याकाळी कॉलनीच्या ग्रुपवर फोटो आला. टोपीवर दुकानाचं नाव. पुठ्ठा खुर्चीच्या पाठीमागे गेलेला. खाली लिहिलंय, ‘आमचे ज्येष्ठ ग्राहक’. दहा जणांनी अंगठे दिलेत. नूरभाईनेही.

एक गोष्ट खटकली. मी उभा असताना त्रिशूलचा सुपरवायझर समाधान मोटरसायकलवरून दोनदा गेला. दुसऱ्यांदा थांबून गोड बोलून विचारलं, नाना, सध्या काय चालू? माझ्यावर नजर ठेवली जातेय. याचा अर्थ ते घाबरलेत. आज जेवणात लक्ष नव्हतं.

१३ एप्रिल, रविवार

छगनचा दोनला फोन. मी बोललो, नूरभाईने सव्वादोनला वाजवलं. ओट्यावर बसून प्रथमच नीट निरीक्षण केलं. माझा आवाज कोपऱ्यावर आला रे आला की अख्खी गल्ली जागी होते. बायका ड्रम ओढत बाहेर, तळाचं शिळं पाणी रस्त्यावर ओतून देतात, ड्रम खसाखसा घासतात, नळी लावतात, मग पाण्याची वाट. झोपलेले उठतात, टीव्ही बंद होतात. पंतप्रधान आले तरी इतके लोक ओट्यावर येणार नाहीत.

आणि ही ताकद मी बावीस वर्षं कुकर विकण्यात घालवली.

कल्पना सुचली. इथे लिहीत नाही. कोकिळा वही वाचते असा संशय आहे.

१४ एप्रिल

ती वाचत नाही. विचारलं तर म्हणाली, तुमचं तोंडी ऐकून होतं तेवढं पुरे. तर कल्पना अशी: नूरभाईच्या रिक्षात सेलचं मेमरी कार्ड असतं. त्याच्या जागी माझं कार्ड. चालू राउंडमध्ये, भर गल्लीत, जाहिरातीच्या भोंग्यातूनच जाहिरातीविरुद्ध आवाज. ज्याचा भोंगा त्याच्याच कानात.

नूरभाईकडे गेलो. तो रिक्षा धूत होता, एका मगात. आमच्या भागात मगातच धुतात. सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला. मी पुन्हा सांगितलं. नूरभाई माझ्याशी मराठीत बोलतो, चिडला की हिंदीत जातो. हिंदीत गेला. म्हणाला, "नाना, आपका शौक है, मेरी रोटी है." त्रिशूलला कळलं तर राउंड जाईल, दुसरं काही त्याच्याकडे नाही, या वयात शाळेची पोरं भरायला कोणी रिक्षा लावून देणार नाही. बरोबर आहे. पण त्याला मोठं चित्र दिसत नाही.

१५ एप्रिल

नूरभाई तयार झाला! दोन तास बसलो. त्याला म्हटलं, ही संधी आजच आहे, उद्या नाही. म्हटलं, इतर रिक्षावाले विचारतायत, पण मी पहिल्यांदा तुझ्याकडे आलो. म्हटलं, फक्त एकदा, दहा मिनिटं, पटलं नाही तर कार्ड परत. शेवटी तो थकून बरं म्हणाला. लोकांना पटवून सांगितलं की पटतं. त्यासाठी जाहिरातीच्या युक्त्या लागत नाहीत.

१६ एप्रिल

गोधडी पांघरून रेकॉर्डिंग. घामाने मोबाईल दोनदा सुटला. सातवा टेक उत्तम होता, त्यात कुकरची शिट्टी आली. अकरावा ठेवला. मजकूर असा:

"माता-भगिनींनो आणि बंधूंनो! आज तुम्हाला काहीही घ्यायचं नाही. काहीही संपत नाहीये. कुठलीही ऑफर शेवटची नाही. जे आहे ते पुरेसं आहे. घरात निवांत बसा!"

ऐकताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. इतकं खरं या भोंग्यातून कधी निघालं नसेल.

१८ एप्रिल, शुक्रवार

सकाळी १०.४०. कॉलनीच्या तोंडाशी पानटपरीच्या आडोशाला उभा आहे. वही सोबत. इतिहास जागेवरच लिहावा. समाधानची मोटरसायकल पाच मिनिटांपूर्वी मेन रोडने गेली. परत येईल का?

१०.५५. रिक्षा वळली. बाई टॉवेल टॉवेल करतेय. नूरभाईने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने खिशातून माझं कार्ड काढलं.

११.००. बाई बंद. माझा आवाज.

११.०३. दारं उघडली! एकदम, सगळी! बायका धावत बाहेर. म्हातारे बाहेर. पहिल्या वाक्यालाच! मला वाटलं होतं चार-पाच जण ऐकतील. हे तर आंदोलन झालं.

११.०८. आणखी मोठी गोष्ट. लोक साठवलेलं पाणी रस्त्यावर ओतून देतायत. ड्रमच्या ड्रम आडवे. साठवण्याचा लोभच सोडून देतायत! जे आहे ते पुरेसं, हे वाक्य किती आत गेलं असेल. पाणी माझ्या चपलेपर्यंत आलंय. अंगावर काटा.

११.२०. ड्रम घासतायत.

११.२५. नळ्या लावतायत. हे मजकुरात नव्हतं.

११.४०. नळाला नुसती हवा. सगळी गल्ली नळाकडे बघत उभी.

११.५०. रिक्षाला गराडा. शेजारची पुष्पाबाई सगळ्यात पुढे, तिच्याकडे लेक बाळंतपणाला आलेली, बाळ बारा दिवसांचं. ती विचारतेय, पाणी कुठे आहे. सगळे तेच विचारतायत. नूरभाईने गर्दीतून टपरीकडे पाहिलं. मी पुढे जाणारच होतो. पण मोहिमेचा सूत्रधार पहिल्याच दिवशी उघडा पडला तर मोहीम संपते. म्हणून वाकून चपलेचा पट्टा बघितला. पट्टा ठीक होता.

दुपारी १.१५. घरी. आमचाही ड्रम पालथा. कोकिळा घासून बसलेली. मी तिला म्हटलं, अगं, मी काय बोललो ते ऐकलं नाहीस का? आज तुम्हाला काही घ्यायचं नाही, असं स्वच्छ शब्दांत होतं. ती माहेरच्या अहिराणीत गेली, म्हणजे प्रकरण गंभीर आहे. म्हणाली, "तुमना शबद कोणी ऐकत नही. तुमना आवाज उना का माले ड्रम याद येस."

बावीस वर्षं. आणि माझा आवाज आला की हिला ड्रम आठवतो. एवढंच लिहितो.

१९ एप्रिल

छगनला फोन केला. पुढचं पाणी सोमवारच्या आधी नाही. अख्ख्या कॉलनीने तळाचं होतं नव्हतं तेवढंही ओतून दिलं. तीन दिवस काढायचे आहेत, ऊन त्रेचाळीस.

सकाळपासून पाच जण दारात येऊन गेले. मला वाटलं मारायला आले. मागच्या दाराची कडी काढून ठेवली होती. तर विचारायला आले होते, नाना, पाणी कधी? पाण्याचं मलाच माहीत असतं ना. म्हणजे कोणाला काहीच कळलेलं नाही. त्यांना वाटतं नूरभाईकडून चुकून पाण्याचं जुनं कार्ड लागलं. तसं त्यानेच सांगितलं, गराड्यात, हात जोडून. माझं नाव घेतलं नाही.

पुष्पाबाई शेवटी आली. बाळाचे कपडे धुवायचे राहिलेत म्हणाली. मी म्हटलं, सोमवार. ती बरं म्हणून गेली. तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आमच्याकडे कळशीभर होतं, ते द्यायला हवं होतं. हे ती गेल्यावर सुचलं.

२० एप्रिल, रविवार

नूरभाईचा राउंड गेला. समाधानने काल भोंगा उतरवून नेला. रिक्षा घरासमोर उभी आहे, टपावर भोंग्याच्या जागी चार भोकं. बघून आलो, लांबून. त्याच्या घरी जाणार होतो पण ऊन फार होतं. संध्याकाळी जाणार होतो पण त्यांची नमाजाची वेळ असते.

वेगळ्या बाजूने विचार केला तर मी त्याला मुक्त केलं. दिवसभर दुसऱ्याच्या मालाची बोंब मारत फिरणं हे काय जगणं आहे? हे त्याला आज कळणार नाही.

रात्रभर झोप नाही. घसा कोरडा. पाणी नाही म्हणून.

२१ एप्रिल

पाणी आलं. छगनचा फोन, मी बोललो, त्रिशूलच्या दुसऱ्या रिक्षाने वाजवलं. आज लोकांनी ड्रम बाहेर आणले पण आधी नळ उघडून पाहिला. मला हे थोडं लागलं.

२३ एप्रिल, बुधवार

जळगावहून फोन! त्रिशूलच्या मालकीण दिपमाला मॅडम स्वतः. मला वाटलं पोलीस केस. ओट्यावर बसून बोललो. मॅडम अत्यंत नम्र. त्यांना सगळं कळलंय, कार्ड माझं होतं हेही. समाधानने शोधून काढलं. आणि त्या रागावल्या नाहीत! म्हणाल्या, आमची कॉम्प्युटरची बाई तीन महिने ओरडतेय, एक खिडकी उघडत नाही, तुमच्या एका हाकेला शंभर घरं बाहेर, हे कसं काय? मी म्हटलं, खरेपणा. त्या म्हणाल्या, तोच आम्हाला पाहिजे. शुक्रवारी जळगावला या, रेकॉर्डिंग करू.

मतपरिवर्तन याला म्हणतात. शत्रूच्या घरात शिरलो.

मी अट घातली. नूरभाईला राउंड परत. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्या हो म्हणाल्या. शब्दाला वजन असलं की असं होतं. आणि कोकिळा म्हणते माझे शब्द कोणी ऐकत नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार. जळगाव.

सकाळची एसटी, पारोळा-एरंडोल करत साडेदहाला पोचलो. काय ऑफिस! एसी, भिंतींना स्पंज, कानाला हेडफोन. मॅडम दोन मिनिटं भेटल्या, पाया पडल्या. मग समाधानने चाळीस पानं हातात दिली. वाचून काढा म्हणाला. एक ते शंभर आकडे. वार. वेळा. रंग. कापडांची नावं, भांड्यांची, फळांची. गल्ल्या-कॉलन्यांची यादी. एकच वाक्य आधी आनंदाने, मग घाईने, मग काळजीने. पाच प्रकारचं हसू. मी विचारलं, हे कशाला? म्हणाला, आवाजाची क्वालिटी तपासायला. बरोबर आहे. मोठी मोहीम म्हणजे तपासणी आलीच.

मधेच मी माझा मजकूर घुसवला. काहीही घ्यायचं नाही, जे आहे ते पुरेसं आहे. त्याने अडवलं नाही. उलट म्हणाला, सुंदर, अजून भावनेने घ्या. घेतलं.

शेवटी सही. बारीक अक्षरं, चष्मा धुळ्याला राहिलेला. समाधान वाचून दाखवायला लागला, मीच थांबवलं. कलावंताने इतकं संशयी असू नये. केळीच्या वेफर्सची पिशवी दिली वाटेत खायला. एकूण फार मान मिळाला.

२६ एप्रिल

नूरभाईकडे गेलो. आठ दिवसांनी. भोंगा परत बसवत होता. मी सांगितलं, तुझा राउंड मी मिळवून दिला. त्याने स्क्रू पिळता पिळता विचारलं, सही करताना कागद वाचला होता का? मी म्हटलं, सगळं विश्वासावर चालतं. तो स्क्रू पिळत राहिला.

बुधवारी अक्षय्य तृतीया, आमची आखाजी. लेक मेघा चाळीसगावहून सोमवारी येतेय. कोकिळाने घागर आणून ठेवली आईच्या आणि आबांच्या नावाची. आखाजीला पितरांची घागर ताज्या पाण्याने भरायची, मग बाकी सगळं. छगनच्या हिशेबाने मंगळवारी पाणी यायला हवं. तो फोन करेल.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी १०.१५. गल्लीत माझा आवाज. मी घरात आहे. तोंडात दात घासायचा ब्रश आहे.

१०.१७. "माता-भगिनींनो आणि बंधूंनो! आखाजीनिमित्त भव्य चादर महोत्सव! आज आणि फक्त आज!" मी हे बोललेलो नाही. पण बोललोय मीच. ‘महोत्सव’ मधला ‘हो’ थोडा लांबवतो, तो माझाच. पाचपैकी तिसरं हसू वापरलंय.

१०.२०. ड्रम बाहेर. अख्खी गल्ली बाहेर. रिक्षातून पत्रकं वाटली जातायत. लोक घेतायत. हात पुढे आलेलेच होते.

१०.४०. पुष्पाबाईने दारात येऊन विचारलं, लाज वाटते का? मी म्हटलं, हा मी नाही. ती म्हणाली, आवाज ओळखत नाही काय आम्ही.

दुपारी १२. दिपमाला मॅडमना फोन लावला. उचलला. "नमस्कार, त्रिशूल ॲड्समध्ये आपलं मनापासून स्वागत!" मीच. मी म्हटलं, मला मॅडमशी बोलायचं आहे. पलीकडून मीच म्हणालो, कृपया थोडा वेळ थांबा. सात मिनिटं थांबलो. आवाजात आपुलकी होती, त्यामुळे ठेवून द्यायला जीव झाला नाही.

२८ एप्रिल

आज सकाळी गाद्या, दुपारी मिक्सर, चारला पुन्हा चादरी. सगळं माझ्या आवाजात. सकाळी निम्मी गल्ली बाहेर आली, दुपारी चौघं, चारला फक्त पुष्पाबाई, तीही नळ उघडून पाहून आत गेली आणि दार आपटलं.

नूरभाईला कोपऱ्यावर गाठलं. म्हटलं, हे वाजवू नकोस, तू माझा मित्र आहेस. त्याने भोंगा बारीक केला. म्हणाला, "नाना, तेव्हा तुमच्या सांगण्यावरून वाजवलं. आता पोटासाठी वाजवतो." मराठीत म्हणाला. चिडलेला नव्हता, हे जास्त वाईट.

मेघा आली. तिला स्टँडवरून घेऊन येताना रिक्षा आडवी गेली. म्हणाली, अय्या पप्पा, तुम्हाला परत घेतलं? मी हो म्हटलं.

संकल्प: उद्यापासून हा आवाज ऐकायचाच नाही. जाहिरातीचा खरा पराभव म्हणजे दुर्लक्ष. मोहिमेचं हे सूत्र मला आधीच सुचायला हवं होतं.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी ९. छगनचा फोन नाही. वाट बघतोय.

दुपारी १. फोन नाही. म्हणजे पाणी नाही. कोकिळा दर दहा मिनिटांनी विचारतेय. ड्रममध्ये तळाला वीतभर. मी सांगितलं, छगनने मला कळवल्याशिवाय एक थेंब सोडलेला नाही आजवर.

३.२०. आला. कोपऱ्यावर माझा आवाज. "माता-भगिनींनो आणि बंधूंनो" एवढं कानावर पडलं आणि खिडकी लावून घेतली. पंखा पाचवर केला. मेघा बघायला निघाली होती, तिला म्हटलं, खबरदार. बाहेर डोकावून पाहिलंस तर बापाची हार आहे.

३.३५. दुसरी फेरी. गल्लीत एकही दार उघडलेलं नाही, फटीतून पाहिलं. एकही! पुष्पाबाईसुद्धा नाही. मला जे चिठ्ठ्यांनी जमलं नाही, पुठ्ठ्याने जमलं नाही, ते आज झालं. अख्ख्या कॉलनीने भोंग्याला भीक घातली नाही.

३.५०. तिसरी फेरी. नूरभाईने रिक्षा थेट आमच्या दारापुढे लावली. आवाज फुल. काच थरथरतेय. वरून हॉर्न मारतोय. काय माणूस आहे. पंधरा वर्षांची दोस्ती आणि माझ्याच दारात मला विकायला आलाय. कोकिळा उठली होती, मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. कानात बोटं घातली.

३.५६. गेला. कंटाळून गेला. जिंकलो.

चहा सांगितला. कोकिळा म्हणाली, उरलेलं पाणी चहाला घालवायचं का? म्हटलं, घाल. आज घाल.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी.

सकाळी ७ ला छगन दारात. आत आला नाही. विचारायला आला होता, की काल चार ते पाच पाणी सोडलं, फुल प्रेशर होतं, पण तुमच्या सगळ्या कॉलनीत एकाही घराने भरलं नाही, लाईन कुठे फुटली का? मी म्हटलं, मला फोन का नाही केला? तो म्हणाला, आता ऑफिसला करायचा असतो, तिथे कॉम्प्युटरवर टाईप करतात, सूचना तुमच्याच आवाजात तयार होते. तीन वेळा वाजली म्हणे.

पुढचं पाणी सातव्या-आठव्या दिवशी.

छगन गेल्यावर मी वळलो नाही थोडा वेळ. मागे कोकिळा आणि मेघा उभ्या होत्या. कोकिळाने कोपऱ्यातली घागर उचलून माझ्या हातात दिली आणि आत गेली. गल्लीतून रिकामी घागर घेऊन चाललो. सगळ्या दारांत तीच गडबड, माहेरवाशिणी आलेल्या, पाटावर घागरी मांडलेल्या, कोरड्या. आज मला कोणी विचारलं नाही, नाना, पाणी कधी. पुष्पाबाई ओट्यावर बाळ घेऊन बसलेली, तिने तोंड फिरवलं.

नूरभाईचं घर कॉलनीबाहेर, खालच्या अंगाला, पण पाण्याची लाईन तीच. त्याच्या ओट्यावर सहा ड्रम काठोकाठ, वर कापड बांधलेलं. काल राउंड संपवून त्याने घरी येऊन भरलं. मी घागर पुढे केली. आईच्या आणि आबांच्या घागरीचं पाणी मागायला मी असा उभा राहीन असं कधी वाटलं नव्हतं. त्याने घागर घेतली, आतून दोनदा विसळली, आणि तांब्याने हळूहळू भरायला लागला.

भरता भरता म्हणाला, "नाना, तुमच्या दारापुढं तर मुद्दाम थांबलो होतो. सहा मिनिटं."

मी म्हटलं, "मला वाटलं, चादरी असतील."